ओतीलिया आणि मास्तरांचा केक

ओतीलिया मेनेसेसची बेकरी आणि माझं दुकान समोरासमोर. मधे दगडी रस्ता, आणि त्या रस्त्यावरून दिवसातून दोनदा गॅसच्या टाक्यांचा ट्रक खडखडत जायचा. माझं दुकान म्हणायला वह्या-पेन्सिलींचं, पण चालायचं ते वाढदिवसांवर. फुगे, पिन्याताला, म्हणजे पोरांनी काठीने फोडायच्या खाऊच्या मडक्याला, चिकटवायचे रंगीत कागद, आकड्यांच्या मेणबत्त्या. ज्या घरी वाढदिवस असेल तिथलं माणूस आधी ओतीलियाकडे केक सांगायचं आणि मग रस्ता ओलांडून माझ्याकडे मेणबत्ती घ्यायला यायचं. त्यामुळे आमच्या ओकोतितला गावात कोण किती वर्षांचं झालं हे आम्हा दोघींना पक्कं ठाऊक असे, आणि दोघीही तोंड उघडत नसू. कुणी बाई सलग तीन वर्षं एकोणचाळीसच्याच मेणबत्त्या घेऊन गेली, तरी मी कागदात गुंडाळून दिल्या. माझं नाव रेफूहिओ. गाव मला कुका म्हणतं.

ओतीलियाचे वडील प्रोकोपिओ फक्त पाव करायचे. साधा पाव, गोड पाव, नोव्हेंबरात मृतांच्या सणाचा पाव. आमच्या लहानपणी वाढदिवस म्हणजे पहाटे खिडकीखाली गाणं, मग गरम चॉकलेट, दुपारी कोंबडी घातलेलं मोले, म्हणजे मिरच्यांचा दाट रस्सा, आणि भात. ज्या संताच्या दिवशी जन्म झाला त्याचंच नाव मुलाला ठेवत, म्हणजे नावाचा दिवस आणि जन्माचा दिवस एकाच जेवणात उरकता येई. केक ही पुएब्ला शहरातल्या लोकांची गोष्ट होती.

ओतीलियाचा जन्म तेरा डिसेंबरचा, संत ओतीलियाच्या दिवशीचा. आमच्याकडे बारा डिसेंबर म्हणजे ग्वादालुपेच्या माउलीचा दिवस. आदल्या दिवसापासून दारूकाम, बँड, नाच, दोन दिवस चुली विझत नाहीत. तेराला सगळं गाव अंगण झाडत असतं. तिच्या वाढदिवसाला गावाचा घसा बसलेला असायचा. तिच्या खिडकीखाली कधी कुणी गायलं नाही, आणि तिने त्याबद्दल कधी काही म्हटल्याचं मला आठवत नाही.

एकोणिसाव्या वर्षी ती पुएब्लाला मावशीकडे गेली आणि सहा आठवड्यांनी परत आली ती पत्र्याचा एक डबा घेऊन. डब्यात क्रीम पिळायच्या तोट्या होत्या, तेवीस प्रकारच्या. प्रोकोपिओंनी एकेक तोटी उचलून पाहिली.

"पावाने भूक भागते," ते म्हणाले. "याने काय होतं?"

"हे फोटोत येतं, बाबा," ती म्हणाली.

म्हातारा पुढे आठ वर्षं जगला, आणि शेवटी शेवटी तोच लोकांना विचारायचा, पाव काय रोजचाच, केक कधी सांगताय?

तिचा केक तीन दुधांत भिजवलेला असे. साधं दूध, आटवलेलं दूध आणि गोड घट्ट दूध. सुरी घातली की दूध पाझरायचं. लोकांना भिजलेला केक हवा असे आणि तो उंचही हवा असे. शेजाऱ्याकडे दोन मजले झाले की आपल्याकडे तीन. आता भिजलेल्या केकवर दुसरा केक ठेवणं म्हणजे ओल्या मातीवर माडी बांधणं. तिने त्यावर तोड काढली. प्रत्येक मजल्याखाली पुठ्ठ्याची चकती, चकतीला आधार द्यायला आत उभ्या लाकडी काड्या, आणि आमच्या दगडी रस्त्यांवरून नेताना मजले घसरू नयेत म्हणून वरपासून खालपर्यंत आरपार एक लांब काडी. पुठ्ठ्यातून जायची म्हणून तिला टोक काढलेलं असे. ती खालून वर खुपसायची, कारण वरून खुपसली तर सजावट बिघडे. त्यामुळे टोक वरच्या मजल्यात राही, क्रीमच्या खाली, दोन बोटांवर.

आणि मग तो चावा. मेणबत्त्या विझल्या की सगळे टाळ्यांच्या ठेक्यात "चावा, चावा" सुरू करतात. ज्याचा वाढदिवस त्याने हात पाठीमागे धरायचे आणि केकचा पहिला घास तोंडानेच घ्यायचा. तो वाकला की मागून कुणीतरी त्याची मान दाबतं. कोण दाबणार हे सगळ्यांना माहीत असतं, वाढदिवसवाल्यालाही. तरी तो वाकतो. न वाकणाऱ्याला आमच्याकडे नाकाने कांदे सोलणारा समजतात.

ओतीलिया केक हातात देताना प्रत्येकाला एकच वाक्य सांगायची: "मधे काडी आहे. आधी काडी काढा, मग चावा." अठरा वर्षं ती हे वाक्य सांगत होती. माझ्या दुकानातून ऐकू येत नसे, पण तिचे ओठ बघून मला कळायचं.

चौऱ्याण्णवच्या मार्चमध्ये फिलेमोन मास्तरांना पन्नास पूर्ण झाली. प्राथमिक शाळेचे मास्तर. निम्म्या गावाला त्यांनी गुणाकार शिकवले होते, म्हणून निम्मं गाव त्यांना मास्तर म्हणे, आणि ते ऐकून उरलेलं निम्मं. त्यांची बायको आंपारोसुद्धा त्यांना मास्तरच म्हणायची. आंपारोचा धाकटा भाऊ रुतिलिओ, तोच तो गॅसच्या टाक्यांचा ट्रक चालवणारा. आडव्या अंगाचा, हसरा, त्रेचाळीस वर्षांचा आणि बिनलग्नाचा. कुठल्याही वाढदिवसाला मान दाबायचं काम रुतिलिओकडे असे. त्याचा हात मोठा होता, म्हणून.

तीन मजली केक सांगितलेला होता. तो न्यायला रुतिलिओच आला, टाक्या उतरवून ट्रक धुऊन. त्याच सकाळी ओतीलियाकडे महामार्गाच्या फाट्यावरच्या एका लग्नाचाही केक होता. मी समोरून पाहिलं, तो आत गेला, दोघं मिळून केक बाहेर घेऊन आले, पुढच्या सीटवर ठेवला. ट्रक अगदी हळू गेला.

मास्तरांच्या अंगणात मीही होते. मोले झालं, गाणं झालं, पन्नासच्या मेणबत्त्या माझ्याच दुकानातल्या. लोक "चावा, चावा" म्हणू लागले. मास्तरांनी चष्मा काढून आंपारोच्या हातात दिला, हात मागे घेतले आणि वाकले. रुतिलिओने मान दाबली, नेहमीसारखीच, जास्त नाही. मास्तर वर आले तेव्हा चेहरा पांढरा होता आणि सगळे हसत होते. मग पांढऱ्यातून लाल दिसायला लागलं. हसणं लगेच थांबलं नाही. मागे उभ्या असलेल्यांना स्ट्रॉबेरी वाटली.

काडी डाव्या डोळ्यात गेली होती. त्याच गॅसच्या ट्रकमधून त्यांना शहरात नेलं, दोन तास. रुतिलिओ चालवत होता, आंपारो मधे बसली होती. डोळा राहिला, नजर गेली.

ओतीलिया कुणाच्या वाढदिवसाला जात नसे, तेव्हा तिला जाऊन सांगायचं माझ्यावर आलं. ती लग्नाच्या केकची भांडी धूत होती. तिने हात पुसले, माझ्याबरोबर मास्तरांच्या अंगणात आली. लोक पांगले होते. केक तसाच टेबलावर होता, वरच्या मजल्यात चेहऱ्याचा खळगा. तिने बाह्या सारल्या आणि एकेक करून सगळ्या काड्या उपसून काढल्या, फडक्यात गुंडाळल्या. उरलेला केक बादलीत भरून घरी नेला. वाटेत मला एवढंच विचारलं, "वाकण्याआधी त्यांनी चष्मा काढला होता?"

"काढला होता," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तिने बेकरी वेळेवर उघडली. पाव होता. केक नव्हते. महिनाभर कुणी सांगायलाही आलं नाही.

आमच्या देवळात मेणबत्त्यांची राखण करणारी एक म्हातारी होती. तिने कुणाला तरी आठवण करून दिली की संत ओतीलिया जन्मांध होती, मग तिला दृष्टी आली, आणि डोळ्यांचं दुखणं असलेले लोक तिलाच नवस बोलतात. "नाव बघा कुणाचं आणि काम बघा काय," म्हातारी म्हणाली. दोन दिवसांत हे गावभर झालं आणि तिसऱ्या दिवशी पाव घ्यायला आलेल्या दोघी बायका ओतीलियाच्या तोंडावरच बोलल्या, बोलायच्या ओघात. ओतीलियाने त्यांचे पाव मोजून दिले. भट्टीच्या वर त्या संतिणीचं चित्र होतं, हातात पुस्तक, पुस्तकावर दोन डोळे. मला वाटलं ती ते उतरवेल.

"उतरवलं तर त्यांचं खरं होईल," ती म्हणाली.

रुतिलिओचं वेगळंच चाललं होतं. आंपारोने त्याच्याशी बोलणं टाकलं. घरात टाकी लावायची असली तरी ती दार उघडून बाजूला उभी राही, आणि तो टाकी लावून जाई. गावाने त्याला कुठल्या वाढदिवसाला बोलवलं नाही, आणि बोलवलं असतं तरी तो गेला नसता. आठवड्याने तो ओतीलियाकडे आला. मी तिथेच होते, माझे पाव घेत.

"चार पाव द्या, ओतीलियाबाई."

तिने दिले. तो गेला नाही.

"तुम्ही मला त्या दिवशी सांगितलं होतं," तो म्हणाला. "काडीचं."

"नव्हतं सांगितलं."

"सांगितलं होतं. माझ्या डोक्यातून गेलं."

"मी त्या लग्नाच्या केकला गुलाब लावत होते. तुम्ही आलात. मी म्हटलं, हा तुमचा, उचला तिकडून. बस्स. काडीचा शब्द मी काढला नाही."

"मी काय बहिरा आहे?"

"बहिरे नसाल. खोटारडे आहात."

"माझ्या हाताने झालंय, बाई. तुम्ही कशाला मधे पडताय?"

"काडीला टोक मी काढलं. तुम्ही नव्हतं काढलं." मग ती माझ्याकडे वळली. "कुका, तू समोर बसलेली असतेस. तू सांग. मी बोलले का?"

मी म्हटलं, त्या वेळी तुम्ही दोघंही केकच्या मागे होतात, मला केकच दिसत होता. ते खरंच होतं.

तो पुढच्या आठवड्यात परत आला, आणि मग रोजच यायला लागला. पाव घ्यायचा आणि भांडायचा. लोक जमिनीच्या तुकड्यासाठी भांडतात तसे ही दोघं त्या एका चुकीसाठी भांडत होती, प्रत्येकाला ती सगळीच्या सगळी हवी होती. एकदा ती त्याला म्हणाली, "सरपण घ्यायला मीच जाते, काड्या मीच निवडते, तुमचा संबंध काय?" तो म्हणाला, "मान तुम्ही दाबलीत का?" गिऱ्हाइकं पाव घेऊन उगाच थांबायची.

मास्तर महिनाभराने शाळेत गेले, डाव्या काचेला तपकिरी रंग दिलेला चष्मा लावून. सुरुवातीला वर्गात मास्तरांच्या डाव्या हाताच्या बाकांचा भाव वाढला. तिथे बसून कॉपी करता येते असं पोरांना वाटलं. पंधरा दिवसांनी मास्तरांनी कॉपी करणाऱ्यांची यादी वाचून दाखवली आणि सगळ्यांना उजवीकडे आणून बसवलं. ओतीलियाबद्दल किंवा रुतिलिओबद्दल ते चांगलं बोलले नाहीत, वाईटही बोलले नाहीत. जिना उतरताना मात्र ते भिंतीला हात लावायचे, आणि कुणी ते पाहिलं तर चिडायचे.

वर्षाने, त्यांच्या एक्कावन्नाव्या वाढदिवसाच्या चार दिवस आधी, मास्तर स्वतः बेकरीत आले. मला समोरून दिसलं आणि मी काहीतरी निमित्त काढून रस्ता ओलांडला. खोटं कशाला सांगू.

"केक हवाय," मास्तर म्हणाले. "शनिवारी. एकच मजला."

"मी केक करत नाही, मास्तर."

"का, विसरलीस?"

"तुम्हाला माहितेय का ते."

"मला काय माहितेय ते मी वर्गात सांगतो. इथे मी गिऱ्हाईक आहे. आंपारो म्हणते यंदा केक नाही, फळं कापू. फळं! मी काय आजारी आहे?"

ओतीलिया काउंटर पुसत राहिली.

"हे बघ," मास्तर म्हणाले, "या वर्षी केक आणला नाही तर गाव म्हणेल, मास्तर घाबरला. आणि मग पुढची दहा वर्षं कुणाचाही वाढदिवस असला की माझा डोळा आधी निघणार. मला कंटाळा आलाय लोकांच्या वाढदिवसात माझा डोळा बघून. एक मजला. आत काही घालू नकोस, बटाटासुद्धा नको."

ती हसली नाही. पण तिने वहीत शनिवार लिहिला.

"आणि तो ट्रकवाला इथे रोज येतो म्हणे," मास्तर जाता जाता म्हणाले. "त्याला सांग, केक तूच घेऊन ये."

शनिवारी रुतिलिओ केक घेऊन आला, मांडीवर ठेवून नव्हे, कारण चालवायचं होतं. ओतीलियाच शेजारी बसली होती, केक तिच्या मांडीवर. मास्तरांच्या घरी ती पहिल्यांदाच वाढदिवसाला आली. आंपारोने भावाकडे पाहिलं नाही, ओतीलियाकडे पाहून मान हलवली. मोले होतं, भात होता. गाणं म्हटलं गेलं. मास्तरांनी मेणबत्त्या विझवल्या, आणि मग कुणी टाळी वाजवली नाही. वीस-पंचवीस माणसं होती अंगणात. सगळे आपापल्या ताटलीकडे बघत होते. मेणबत्तीचा धूर तेवढा वर जात होता.

मास्तर थोडा वेळ थांबले. मग त्यांनी चष्मा काढला, टेबलावर ठेवला, हात मागे घेतले आणि स्वतःच वाकले. मान दाबायला कुणी नव्हतं, त्यामुळे त्यांना नीट घास घेता आला. वर आले तेव्हा फक्त मिशीला क्रीम लागलं होतं. त्यांनी सावकाश चावून गिळलं.

"दूध कमी पडलंय," ते ओतीलियाला म्हणाले.

"नाही पडलेलं," ती म्हणाली.

त्या दिवशी लोक रडले असं आता सांगतात. मी तिथे होते. कुणी रडलं नाही. आंपारो भांडी घेऊन आत गेली आणि बराच वेळ नळ चालू होता, एवढंच.

तेव्हापासून ओतीलिया पुन्हा केक करू लागली, पण एक मजल्याचेच. आमच्याकडे मुलीचा पंधरावा वाढदिवस लग्नासारखा करतात, ते मोठे केक तिच्या हातून गेले. पोरींना पाच मजले हवे असतात, मधे पूल हवा, पुलावर बाहुली हवी. महामार्गावर एका नवरा-बायकोने बेकरी काढली होती, त्यांच्याकडे दिवे लागणारे केकसुद्धा मिळायला लागले. आया ओतीलियाकडे यायच्या, गळ घालायच्या. ती म्हणायची, रुंद करून देते, पाहिजे तर दारातून जाणार नाही एवढा रुंद करते, उंच नाही. बहुतेक जणी महामार्गावर जात. तिला वाईट वाटायचं. तसं ती म्हणायची नाही, पण त्यांचा केक कुणाच्या ट्रकमधून जाताना दिसला की ती बाहेर येऊन बघायची, आणि आत जाताना म्हणायची, "गुलाब जड झालेत त्यांचे."

तिचे रुंद केक आता रुतिलिओ पोचवत होता, टाक्यांच्या फेऱ्या झाल्या की. भांडण थांबलं नव्हतं, पण त्यात दुसऱ्या गोष्टीही येऊ लागल्या होत्या: त्याचं खोकणं, तिच्या छपराची गळती, माझं त्यांच्याकडे बघत बसणं. सत्त्याण्णवच्या ऑक्टोबरात एक दिवस ती माझ्या दुकानात आली आणि म्हणाली, शुक्रवारी नोंदणी कार्यालयात यायचंय, साक्षीदार हवी.

"कसली साक्ष?" मी विचारलं.

"लग्नाची."

"कुणाच्या?"

"कुका, तू तीन वर्षं समोर बसून काय करत होतीस?"

ती चाळीस वर्षांची होती, तो शेहेचाळीसचा. दुसरे साक्षीदार मास्तर. त्यांनी सही करताना अर्जातली शुद्धलेखनाची एक चूक दाखवली आणि ती दुरुस्त होईपर्यंत सही केली नाही. नंतर बेकरीतच जेवण होतं. केक नव्हता. ओतीलिया म्हणाली, स्वतःच्या लग्नाला मी काम करणार नाही, आणि दुसऱ्या कुणाकडून आणला तर त्याला नावं ठेवल्याशिवाय मला राहवणार नाही. आम्ही गोड पाव खाल्ला. तेवढ्यात आंपारो आली, हातात मोठं काचेचं भांडं, त्यात रंगीबेरंगी चौकोनांची दुधातली जेली. तिने ते भावासमोर ठेवलं.

"जेली आहे," ती म्हणाली. "चमच्याने खा."

साडेतीन वर्षांनी ती त्याच्याशी बोलली ती ही. रुतिलिओने चमचा घेतला.

त्यांना मूल झालं नाही. सोळा वर्षं एकत्र राहिले. लग्नानंतरच्या पहिल्याच डिसेंबरात, तेरा तारखेच्या पहाटे, मी आवाजाने जागी झाले. खिडकीतून पाहिलं तर बेकरीवरच्या तिच्या खिडकीखाली बँडमधले चौघं उभे होते, आदल्या रात्रीच्या कपड्यांतच, एक तर पायरीवर बसूनच वाजवत होता. रुतिलिओने त्यांना ग्वादालुपेच्या माउलीच्या जेवणातून उठवून आणलं होतं. त्यांचे ओठ सुजलेले, तुतारीतून निम्मी हवाच येत होती. रुतिलिओ गात होता, त्याला गाता येत नसे. ओतीलिया खिडकीत आली, अंगावर शाल, आणि पूर्ण गाणं होईपर्यंत उभी राहिली. मग म्हणाली, "चौघंही आत या. गरम काहीतरी प्या, नाहीतर मराल." पुढे दरवर्षी ते येत. दरवर्षी तितकंच वाईट वाजवत.

दोन हजार तेरामध्ये रुतिलिओ गेला. फुफ्फुसं खराब झाली होती, शेवटचे तीन महिने अंथरुणावरच होता. त्या काळात मी दुपारी तिच्याकडे बसायला जायची. एक दिवस ती त्याच्या उशीशी बसून होती आणि तिने पुन्हा तोच विषय काढला.

"आता तरी खरं सांग. मी बोलले होते का, काडीचं?"

तो बराच वेळ श्वास जमवत होता.

"मला आठवत नाही," तो म्हणाला. "तेव्हाही आठवत नव्हतं."

"मग छातीठोकपणे सांगत का होतास?"

"नाही म्हटलं असतं तर तू भट्टी विझवली असतीस. पाव कुठून आणायचा आम्ही?"

ती उठली, पाणी आणायला म्हणून गेली, आणि बाहेर येऊन माझ्याशेजारी उभी राहिली. ती म्हणाली, "बघ, एकोणीस वर्षं मी एका खोटारड्याशी भांडले, आणि मीच बरोबर होते." मग थोड्या वेळाने म्हणाली, "बहुतेक." आणि पाणी घेऊन आत गेली.

मास्तर आहेत अजून. ऐंशी ओलांडली. आंपारो आहे. मास्तर आता उजव्या डोळ्यानेही कमीच बघतात, पण तो वयाने गेलाय, असं ते ठणकावून सांगतात.

ओतीलियाने भट्टी चार वर्षांपूर्वी एका भाच्याला दिली. तिची बोटं वाकली आहेत, पीठ मळवत नाही. गावात केक आता शहरातल्या मोठ्या दुकानांतून येतात, पुठ्ठ्याच्या खोक्यातून, प्लास्टिकच्या झाकणाखाली. चांगले असतात. त्यांच्यावर नाव नसतं, किंवा छापलेलं असतं, आणि ते आमच्या बायकांना आवडत नाही. म्हणून शनिवारी दुपारी त्या ती खोकी घेऊन ओतीलियाकडे येतात. तिने दारात एक टेबल ठेवलं आहे. तोटी एकच, बारीक तोंडाची. ती खोकं उघडते, केककडे बघून नाक मुरडते, नाव विचारते आणि लिहिते. लिहिताना बोटं थरथरत नाहीत, कशी कोण जाणे.

नावं मात्र तिला जड जातात. संतांची नावं आता कुणी ठेवत नाही, टीव्हीतून येतात. गेल्या शनिवारी एक तरुण आई मुलीचा दुसरा वाढदिवस घेऊन आली होती. नाव ब्रितानी.

"कसं लिहायचं?" ओतीलियाने विचारलं. "एक टी की दोन?"

आईला खात्री नव्हती. नाव नवऱ्याने सुचवलं होतं, आणि नवरा उत्तरेत, सीमेपलीकडे कामाला. तिने त्याला फोन लावला. तो उचलत नव्हता, कामावर असेल. ओतीलिया तोटी उलटी धरून थांबली. मागे आणखी दोघी खोकी घेऊन उभ्या होत्या. ऊन टेबलावर यायला लागलं होतं, म्हणून मी दुकानातून छत्री आणून केकवर धरली, आणि आम्ही सगळ्या त्या फोनच्या वाजण्याकडे कान देऊन उभ्या राहिलो.